कुत्रं रोज गवत खातंय, काळजी करायची का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. चोपड्याकडे मळ्यात राहता, दोन वर्षांचा लॅब्रॅडोर आहे, सकाळी सहाला बाहेर काढला की पहिलं काम म्हणजे बांधावरची हरळी खाणं, आठवड्यातनं एखाद वेळा पिवळा फेस ओकतो आणि मग दिवसभर काही झालंच नाही असा खेळतो. सासरे म्हणतात पोट साफ करतोय खाऊ दे, शेजारच्या काकू म्हणतात जंत झालेत, आणि मेडिकलवाल्याने न बघता एक गोळी देऊन टाकली. जेवण सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला, दूध-पोळी किंवा वरण-भाकरी.

आधी सरळ उत्तर देतो मग सविस्तर बोलू. गवत खाणं हा आजार नाहीये. तुमच्या कुत्र्याबद्दल जे लिहिलंय त्यावरून तो गवतामुळे आजारी आहे असं मला वाटत नाही. पण तुम्ही मळ्यात राहता ना, म्हणून मला काळजी वाटते ती त्या गवतावर काय फवारलंय याची. आणि दुसरी गोष्ट, कुत्रं गवत खातंय की नाही यापेक्षा कसं खातंय ते बघायचं, बहुतेक वेळा निदान तिथेच होतं.

हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, गुरांच्या दवाखान्यात बैल घेऊन आलेला शेतकरी जाता जाता विचारतोच की "डॉक्टर भाऊ, आमनं कुत्रं गवत खाई राहिनं, काय करानं?" आणि मेहरूण तलावावर सकाळी कुत्रं फिरवायला आलेली शहरातली मंडळीही हेच विचारतात. तेव्हा हे फक्त तुमच्या घरी होतंय असं नाही.

जगातही यावर अभ्यास झालाय. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2008 साली कुत्रे पाळणाऱ्यांचा एक मोठा सर्व्हे छापला, दीड हजारावर मालकांची उत्तरं होती. त्यात 68 टक्के लोकांनी सांगितलं की आमचं कुत्रं रोज किंवा दर आठवड्याला गवत नाहीतर कुठलातरी पाला खातं. आता महत्त्वाचं ऐका, गवत खायच्या आधी कुत्रं बऱ्याचदा आजारी दिसतं असं सांगणारे फक्त 8 टक्के होते, आणि खाल्ल्यावर बऱ्याचदा उलटी होते म्हणणारे 22 टक्के. म्हणजे आपण जे लहानपणापासून ऐकत आलो की पोट बिघडलं म्हणून कुत्रं गवत खातं आणि उलटी करून मोकळं होतं, ते काही कुत्र्यांच्या बाबतीत खरं आहे पण बहुसंख्य कुत्रे तब्येत ठणठणीत असतानाच खातात आणि उलटीबिलटी काही करत नाहीत. तरुण कुत्रे जास्त खातात हेही त्यातच दिसलं, आणि तुमचा दोन वर्षांचा आहे म्हणजे अगदी त्या वयातला.

सासऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या कुत्र्याला आधीच मळमळतंय ते गवत खातं तेव्हा त्याला उलटी होण्याची शक्यता जास्त असते हेही त्याच सर्व्हेत आलंय. फक्त ते सगळ्यांना लागू नाही एवढंच.

मग निरोगी कुत्रं का खातं? लांडग्याच्या विष्ठेत गवत सापडतं, आणि लांडगा म्हणजे कुत्र्याचा पूर्वजच. त्या डेव्हिसच्या लोकांचा अंदाज असा की रानात जंत काढायला औषध नव्हतं, गवताच्या लांब पात्या पचत नाहीत, त्या आतड्यातनं तशाच सरकत जातात आणि जाताना जंत गुंडाळून बाहेर नेतात, त्यामुळे ही सवय पिढ्यान्पिढ्या टिकली असावी. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, पण मला तो पटण्यासारखा वाटतो. म्हणजे काकूंच्या बोलण्यातही काहीतरी तथ्य आहे, पण आज तुमचं कुत्रं गवत खातंय म्हणजे आज त्याला जंत आहेतच असा अर्थ त्यातनं निघत नाही. जंताचं औषध वेळेवर झालेली कुत्रीही तेवढ्याच आवडीने गवत खातात.

भाकरी पचते तर गवत का नाही असंही लोक विचारतात. कुत्र्याने माणसाबरोबर राहून पिठूळ अन्न पचवायची ताकद कमावली, 2013 मध्ये जनुकांच्या अभ्यासात हे दिसलं की लांडग्यापेक्षा कुत्र्यात स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती खूप जास्त असतात. म्हणून आपली गावाकडची कुत्री ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर जगतात. पण गवतातला सेल्युलोज पचवायला गाईसारखं चार कप्प्यांचं पोट आणि त्यातले जंतू लागतात, ते कुत्र्याकडे नाही. त्यामुळे गवत जसं गेलं तसंच बाहेर येतं, हिरव्या पात्या विष्ठेत दिसल्या की घाबरू नका.

आता तुमच्या कुत्र्याचा पिवळा फेस. ताई, याचं उत्तर मला तुमच्या वेळापत्रकात दिसतंय. संध्याकाळी सातला जेवला, सकाळी सहाला बाहेर काढला, म्हणजे अकरा तास पोट रिकामं. रिकाम्या पोटात पित्त चढतं, मळमळतं, समोर हरळी दिसली की खातो आणि पिवळं पाणी नाहीतर फेस ओकतो, ओकला की मोकळा. हे मी इतक्या कुत्र्यांत बघितलंय की सकाळची उलटी, पिवळा फेस, नंतर एकदम नॉर्मल असं कोणी म्हटलं की मी पहिला प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळेचाच विचारतो. ऑस्ट्रेलियात 12 कुत्र्यांवर एक अभ्यास झाला होता, त्यातही पोट रिकामं असताना कुत्रे जास्त गवत खात होते आणि जेवण झाल्यावर कमी, आणि उलट्या अगदी मोजक्याच झाल्या.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. एकूण खाणं तेवढंच ठेवा पण त्याचे तीन भाग करा, आणि तिसरा भाग रात्री दहा-साडेदहाला तुम्ही झोपायच्या आधी द्या. सकाळी फिरायला न्यायच्या आधी अर्धी भाकरी किंवा दोन घास भात द्या. खूप कुत्र्यांत एवढ्यानेच फेस थांबतो आणि गवतही कमी होतं. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणून मनाने सुरू करू नका, तशी गरज लागलीच तर डॉक्टर वजन बघून देतील.

दूध-पोळीबद्दलही बोलायलाच पाहिजे कारण खान्देशात अर्ध्याहून जास्त घरात कुत्र्याचं जेवण हेच असतं. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, पोटात गॅस, पातळ संडास, मळमळ हे चालू राहतं आणि मालकाला वाटतं गवत बाधलं. एक पंधरा दिवस दूध पूर्ण बंद करून बघा. दह्याचं पातळ ताक बिनमिठाचं थोडं चालतं. वरण-भाकरी चांगली, पण फोडणीचं वरण नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि आपल्याकडे शेवभाजीचा रस्सा नाहीतर भरताचं उरलेलं वाटीत टाकायची सवय आहे ती मोडा. त्यात तिखट, तेल, कांदा, लसूण सगळंच आलं. एखाद्या लग्नाच्या पंगतीचं तेलकट उष्टं खाऊन दुसऱ्या दिवशी स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रं आडवं पडतं, हे दर लग्नसराईत बघायला मिळतं. त्याऐवजी अंडं, उकडलेलं चिकन, आणि भाकरीत कुस्करून लाल भोपळा म्हणजे आपलं गंगाफळ, गाजर, असं घाला.

फायबर कमी पडतं म्हणून कुत्रं गवत खातं का? त्या मोठ्या सर्व्हेत तसा काही संबंध दिसला नाही. पण 2007 मध्ये एका म्हाताऱ्या पूडल कुत्र्याची केस छापून आली होती, सात वर्षं रोज पाला खायचा आणि ओकायचा, जास्त फायबरचं खाणं सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत थांबला. एका कुत्र्यावरून नियम होत नाही, तरी गंगाफळ दोन चमचे घालून बघण्यात नुकसान काहीच नाही म्हणून मी सांगतो.

आता माझ्या खऱ्या काळजीकडे येतो आणि हा भाग कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. केळीच्या बागेत, कपाशीत, बांधावर आपण काय काय मारतो ते आठवा. बांधावर तणनाशक, केळीवर करप्यासाठी बुरशीनाशक, कपाशीवर जुलैपासून पुढे दर काही दिवसांनी कीटकनाशक. हे सगळं बांधाच्या हरळीवरच पडतं, आणि कुत्रं नेमकं तेच गवत खातं, नुसतं चाललं तरी पायाला लागतं आणि मग ते पाय चाटतं. पॅराक्वाट असलेलं तणनाशक तर फारच वाईट, तोंडात जिभेवर फोड येतात, नंतर फुफ्फुसं निकामी होतात आणि त्याच्यावर उतारा नाही. कीटकनाशकातल्या ऑर्गनोफॉस्फेट गटाची लक्षणं ओळखायला शिका: तोंडातून लाळेच्या धारा, डोळ्यांतून पाणी, डोळ्याची बाहुली एकदम बारीक, अंग थरथरणं, संडास-लघवी सुटणं, श्वास जड. असं दिसलं की एक मिनिट घालवायचं नाही. याच्यावर अ‍ॅट्रोपीन आणि पीएएम ही इंजेक्शनं आहेत आणि वेळेत मिळाली तर कुत्रं वाचतं, अगदी पडलेलं उठून चालायला लागतं. औषधाचा डबा किंवा पाकीट सोबत घेऊन या, नुसतं "फवारा मारला होता" एवढ्यावरून आम्हाला अंदाज बांधत बसावं लागतं.

थिमेट या कीटकनाशकावर आता बंदी आहे, तरी जुना माल कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असतो, तो कुत्र्याच्या नाकापर्यंत जाऊ देऊ नका. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही ती म्हणजे एरंडीची पेंड. सेंद्रिय खत म्हणून झाडाच्या बुंध्याशी घालतात, कुत्र्याला तिचा वास आवडतो, उकरून खातं, आणि तिच्यातलं विष रक्ताची हगवण लावून मारू शकतं. मालक सांगतो गवत खाल्लं आणि उलट्या सुरू झाल्या, खोदून खोदून विचारलं की कळतं परवाच पेंड टाकली होती. ठिबकच्या टाकीतलं खताचं पाणी सांडलेलं असतं तेही पितात, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात गेल्यावर तहानलेलं कुत्रं पाणी कुठलं हे बघत नाही. त्याचं स्वच्छ पाण्याचं भांडं सावलीत भरलेलं ठेवा.

घराजवळची झाडंही बघून घ्या. कण्हेर, पिवळी बिट्टी, सायकस, धोत्रा, घाणेरी ही खरी विषारी. कण्हेरीने हृदयाचे ठोके बिघडतात, सायकसने लिव्हर जातं. मनी प्लांट किंवा डायफेनबॅकिया चावलं तर तोंडाची आग होऊन लाळ गळते, बहुतेक वेळा त्यावर निभावतं. गवत खायची सवय असलेलं कुत्रं यांच्याकडे वळणारच नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. कोवळं कुत्रं तर काहीही चावतं.

मग उपाय काय, तर घराजवळ ओटीएवढ्या जागेत हरळीचा एक तुकडा राखून ठेवा, ज्याच्यावर काहीच फवारायचं नाही. तिथे त्याला खाऊ द्या. किंवा कुंडीत गहू पेरा, आठ दिवसांत चांगली पाती येतात, कुत्री आवडीने खातात. बांधावर फवारणी झाली असेल तर त्या बाजूला काही दिवस पट्टा लावूनच न्या, आणि शेजारच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा की भाऊ, फवारायच्या आदल्या दिवशी एक फोन करत जा. लोक ऐकतात, आपण सांगत नाही हाच प्रॉब्लेम असतो.

पावसाळा संपला की अजून एक त्रास, कुसळ. कुसळी गवत पिकलं की त्याची टोकं नाकात, कानात, पंजाच्या बोटांत घुसतात आणि घुसली की पुढेच जातात, मागे येत नाहीत. कुत्रं सारखं शिंकतंय, एका नाकपुडीतून रक्त येतंय, डोकं एका बाजूला झटकतंय, बोटामध्ये गाठ येऊन पू येतोय, तर कुसळ समजा आणि दाखवा. पाटणादेवी, पाल, तोरणमाळ अशा ठिकाणी कुत्रं घेऊन गेलात तर घरी आल्यावर पंजे आणि कान तपासा.

जंतांचं थोडक्यात सांगतो. गवतातून जंतांची अंडी आणि अळ्या येतात हे खरं, हुकवर्मच्या अळ्या तर कातडीतूनही आत जातात. पिल्लांना तो जंत रक्त पिऊन मारू शकतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, संडास काळी चिकट होते. तुमच्या लॅब्रॅडोरसारख्या मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, पण वजन करून. मेडिकलवाल्याने लॅब्रॅडोरला एक गोळी दिली असेल आणि ती 10 किलोला एक या हिशोबाची असेल तर 30 किलोच्या कुत्र्याला ती अपुरी पडली, जंत अर्धवट राहतात. विष्ठा डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, सोपी तपासणी आहे. पांढऱ्या हिरड्या, ताप, अंगावर गोचीड असतील तर नुसतं जंत समजून बसू नका, गोचीड तापही असू शकतो आणि त्याला रक्ताची तपासणी लागते.

आता कधी घाबरायचं. निवांत चालत चालत चार पात्या निवडून खाणारं कुत्रं आणि अचानक वेड्यासारखं मुळासकट, माती-कचरा काही न बघता गिळत सुटलेलं कुत्रं, ही दोन वेगळी चित्रं आहेत. दुसरं दिसलं, सोबत ओठ चाटणं, लाळ, सारखं घुटके घेणं असेल तर त्याला जोरात मळमळतंय, त्याच दिवशी दाखवा. उलटी दिवसात दोन-तीनदा होतेय, त्यात रक्त आहे, जेवण सोडलंय, मलूल आहे, वजन उतरतंय, म्हातारं कुत्रं आहे आणि पूर्वी कधी गवत खात नव्हतं ते आत्ता खायला लागलंय आणि पाणी खूप पितंय, तर किडनी-लिव्हरची तपासणी करून घ्या. पिल्लाला उलट्या-रक्ताची हगवण असेल आणि लस झाली नसेल तर पार्वो असू शकतो, तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो.

सगळ्यात तातडीचं म्हणजे पोट फुगणं. मोठ्या छातीचं कुत्रं, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन, लॅब्रॅडोरलाही होऊ शकतं. उलटी करायचा प्रयत्न करतं पण काहीच बाहेर येत नाही, पोट ढोलासारखं ताणलंय, अस्वस्थ फिरतंय, गवत गिळतंय. पोटाला पीळ बसलेला असतो, तासाभराचाही उशीर जीव घेतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला उठवा.

अजून एक, आणि हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. कुत्र्याच्या घशात गवत अडकल्यासारखं वाटतंय, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, तर उघड्या हाताने तोंडात बोटं घालू नका. रेबीज झालेलं कुत्रंही असंच दिसतं, आणि घशात काहीतरी अडकलंय समजून माणसं हात घालतात. लस झालेली नसेल तर त्याला बांधून ठेवा, लांब राहा आणि डॉक्टरला बोलवा. हाताला लाळ लागली, ओरखडा असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. उद्या बघू असं करायचं नाही.

मागच्या बाजूने गवताची पाती अर्धी लोंबत असेल तर हातमोजा घालून हलकेच ओढा, सहज आली तर ठीक. अडली तर सोडून द्या. दोरा किंवा मांजा असेल तर अजिबात ओढू नका, आतडं कापलं जातं.

आणि घरगुती उपाय म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मीठ रक्तात चढून कुत्रं झटके देतं. आपल्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, कुत्र्याला देऊ नका, पोटात अल्सर होऊन रक्त पडतं. पॅरासिटामॉलही मनाने नको. गवत खातं म्हणून मारणं, तोंडाला जाळी बांधून ठेवणं हेही नको, त्याने काही चूक केलेली नाही. फवारलेल्या जागेवर तोंड घातलं तर हाक मारून बोलवा, आला की हातातला भाकरीचा तुकडा द्या, लॅब्रॅडोर खाण्यासाठी चार दिवसांत शिकतो.

तर तुम्ही सध्या एवढं करा. रात्रीचा तिसरा घास सुरू करा, दूध बंद, वजन करून जंताचं औषध, आणि बांधाऐवजी घराजवळची हरळी. तीन आठवडे एका वहीत लिहून ठेवा, कधी गवत खाल्लं, कधी ओकला, कुठल्या रंगाचं, त्या आठवड्यात शेतात काय फवारलं. फेस थांबला तर दवाखान्यात यायचीही गरज नाही. नाही थांबला तर ती वही, विष्ठेची डबी आणि उलटीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन तालुक्याला दाखवा, सकाळी काही खायला न देता न्या म्हणजे रक्त घ्यायचं ठरलं तर त्याच दिवशी काम होईल. आणि रेबीजची लस कधी दिली होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, कार्ड शोधून तारीख बघा, वर्ष उलटून गेलं असेल तर तीही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्या.